बसखालची कोरी जागा

चावी फिरवली, बसने एकदाच ‘टक’ केलं आणि गप्प बसली.

मी परत फिरवली. परत टक. डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले आणि पुन्हा जागेवर आले. मी स्टिअरिंगवर हात आपटला. "मेली, आजच नखरे सुचले का तुला!" मागे पलंगावर आमचे हे बसले होते, नाकात ऑक्सिजनची नळी, मांडीवर घडी केलेली शाल. तिथूनच म्हणाले, "अगं डायवर, शिव्या नको देऊ तिला. नवी कापडं घातलीत तिनं." नवी कापडं म्हणजे नवा रंग. तो त्यांनीच दिलेला.

ही बस माझी. पिंपळे गुरव आणि सांगवीतली पोरं मी कित्येक वर्षं हिच्यातून शाळेत नेली-आणली. बाई मिनीबस चालवते म्हणून सुरुवातीला रिक्षावाले मागून उगाच हॉर्न मारायचे. नंतर मीच त्यांच्यावर मारायला लागले. तेव्हा सुटलेलं माझं तोंड अजून बंद व्हायचंय. पुढे बस शाळेच्या कामाला जुनी ठरली. भंगारवाला आला, टायरला लाथ घालून भाव सांगून गेला. तो लाथ मारत होता आणि मला रडू येत होतं. तेव्हा हे म्हणाले, "भंगारात कशापायी घालायची? घर करू हिचं."

आणि खरंच घर केलं. बाकडी काढून मागे पलंग टाकला. बाजूला ओटा, छोटी शेगडी, पडद्याआड संडास, छपरावर पाण्याची टाकी. आरटीओत खेटे घालून कागदही सरळ करून घेतले. आजकाल तरुण पोरं अशा गाड्यांचे व्हिडिओ टाकतात, डोंगराकडे पाय पसरून चहा पीत बसतात. आमचं तसलं काही नव्हतं. ह्यांना घर हवं होतं ते एका रात्रीपुरतं, आणि तेही एकाच ठिकाणी.

ह्यांचं गाव चाकणच्या मागे, डोंगराच्या अंगाला. धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. त्याआधीच हे भोसरीला कामाला आले होते, खोलीवर राहत होते. पाणी चढायला लागलं तेव्हा सासऱ्यांनी निरोप धाडला होता, की पाणी अंगणात यायच्या आत एक रात्र येऊन घरात झोपून जा. ह्यांना सुट्टी मिळाली नाही. ऑर्डर मोठी होती, ओव्हरटाइम चालू होता, मुकादम म्हणाला पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात अंगण राहिलं नव्हतं. लग्नानंतर मला हे एकदाच सांगितलं, भाकरी खाता खाता, आणि परत कधी विषय काढला नाही. आजारी पडले आणि मग मात्र एकच लावून धरलं. "पाण्याच्या काठाला एक रात झोपायचं हाय मला."

आता तिथे कोण आहे? भाऊबंद जमिनी मिळाल्या तिकडे दुसऱ्या तालुक्यात गेले. काठावर ना ओळखीचं दार, ना लॉज. आणि ह्यांना दिवसरात्र ऑक्सिजनचं मशीन लागायचं. खोकल्याची उबळ आली की आवरायची नाही, कपडे खराब व्हायचे, मग लोकांसमोर मान वर करायचे नाहीत. कुणाच्या घरी पाहुणे म्हणून जायचं नाव काढलं की तोंड भिंतीकडे. म्हणून घरच बरोबर न्यायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले होते, फुप्फुसं कडक होत चाललीत, जायचं तर थंडी पडायच्या आत जाऊन या. नंतर मी सोडणार नाही.

हे पेंटर. भिंतींचे नव्हे, गाड्यांचे. आधी भोसरीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये, तोंडाला हातरुमाल बांधून. मग चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपला, तिथे मास्क होता, सगळं होतं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. फुप्फुसांचं खापर मी रंगावर फोडते. डॉक्टरांनी तसं छातीठोकपणे कधी सांगितलं नाही, आणि ह्यांना तर ते ऐकूनच घ्यायचं नसायचं. "रंगानं पोट भरलंय आपलं, त्याला नावं ठिवू नको," म्हणायचे. मी म्हणायचे, पोट भरलं आणि छाती रिकामी केली.

त्यांच्या हाताचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. शाळेच्या पिवळ्या रंगावर त्यांनी असा मोरपंखी चढवला, की सोसायटीतली माणसं कंपनीतून आणली का म्हणून विचारायची. आणि एक हट्ट जन्माचा, की कोरी जागा ठेवायची नाही. दिसो न दिसो. कपाटाला रंग दिला तरी कपाट उलटं करून बुडाला देणार. "गंज कोऱ्या जागंतनंच घुसतो," हे त्यांचं पालुपद. शिकाऊ असताना वस्तादाने एका कोऱ्या जागेसाठी कानाखाली वाजवली होती, ती त्यांनी जन्मभर जपली.

आमच्या ह्या पट्ट्यात खंडेनवमीला मशीन पुजतात. आदल्या दिवशी कारखान्यात काम थांबतं, मशीन धुतात, पुसतात, कुठे उडालेला रंग असेल तर हात फिरवतात. मग झेंडू, नारळ, पेढे. हे घरी बसलेले, म्हणून त्यांचं मशीन म्हणजे आमची बस. वरून झाली होती, राहिला होता खालचा सांगाडा. घटस्थापनेला काम काढलं. मी म्हटलं, "मरायचंय का? डॉक्टरांना सांगू?" म्हणाले, "सांग की. त्यांची बी गाडी घिऊन ये, लावतो रंग." स्प्रे नको म्हणून ब्रशने, बुटक्या स्टुलावर बसून, नाहीतर पुठ्ठ्यावर आडवं होऊन. थोडं करायचं, वर येऊन नळी लावून पडायचं, ओठांचा निळेपणा गेला की परत खाली. बॅटरीखालचा पत्रा गंजला होता. तो काढला, घासला, आधी गंज अडवणारा लाल रेडऑक्साइड, वर काळा. जे जे उघडता येईल ते उघडायचं, खाली रंग द्यायचा, वाळू द्यायचं, परत आवळून टाकायचं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला. "जा, कोरी जागा सापडली तर दाखव."

मी बसखाली वाकून टॉर्च फिरवला. एक चिमूटभर लोखंड उघडं नव्हतं. मला राग होताच, पण अभिमानही वाटला, खोटं का बोलू. दुसऱ्या दिवशी पूजा झाली, चाकाखाली लिंबू ठेवलं, मी चावी फिरवली आणि बस एका हाकेत चालू झाली.

आणि मग बरोबर निघायच्या सकाळी टक.

पहिला संशय बॅटरीवर. आदल्या संध्याकाळी आम्ही ऑक्सिजनचं मशीन बसमध्ये इन्व्हर्टरवर चालवून बघितलं होतं. त्याची बॅटरी वेगळी होती, तरी ह्यांच्या मनाने घेतलं की ह्या मशीननेच गाडीची बॅटरी खाल्ली. लिफ्टमधून वर जाताना म्हणाले, "मीच खाल्ली गं बॅटरी. श्वास घ्याया बसलो आन् गाडी मारली." माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, असलं बोलायचं असेल तर नळी काढून घेते. ते हसले, हसता हसता खोकले, आणि मी त्यांची पाठ चोळत बसले.

नवी बॅटरी आणली. बस चालू झाली! जरा कण्हत, पण झाली. मी वर येऊन साखर वाटली. उद्या सकाळी निघायचं ठरलं, भाजी चिरून ठेवली. सकाळी चावी फिरवली तर टक.

नंतरचे दिवस आठवले की अजून तोंड कडू होतं. बॅटरीची टोकं गरम पाण्याने धुतली, पॉलिशपेपरने घासली, आवळली. इंजिनला पहिली फिरकी देणारा स्टार्टर कधी कधी आतून अडकतो, म्हणून मी हातोडीच्या दांड्याने त्याला हलकेच ठोकत बसले आणि मुलीला चावी फिरवायला लावली. मुलगी वाकडला राहते, कॉम्प्युटरवर काम करते. ती म्हणाली, "आई, तू बाबांची गाडी दुरुस्त करतेयस की मारतेयस?" मी म्हटलं, तू गप चावी फिरव. मी फोन चालू ठेवून स्टार्टरजवळ धरायचे आणि वर हे कानाला लावून ऐकायचे. आजारी माणसाला तेवढाच विरंगुळा. "मुका झालाय त्यो," म्हणायचे. "आत ताकद हाय, पण बोलत न्हाई."

एकदा वॉचमन आणि सोसायटीतल्या माणसांनी धक्का मारून बस चालू करून दिली. हे गॅलरीतून ओरडले, म्हणजे ओरडायचा प्रयत्न केला, "चल, अशीच निघू!" मी नाही म्हटलं. काठावर ओसाड जागी बंद पडली तर धक्का मारायला कोण येणार? आणि इन्व्हर्टर किती वेळ मशीन ओढणार? ह्यांचा श्वास त्या एका टकवर टांगून मी निघणार नव्हते. रात्री जेवले नाहीत. माझ्याशी बोललेही नाहीत.

मग स्टार्टर उतरवून भोसरीला नेला. तिथला ऑटो इलेक्ट्रिशियन मूळ भोसरीचाच, जुन्या घरातला, पोट सुटलेला, तोंडात सतत बडीशेप. मी शाळेची पोरं न्यायचे तेव्हापासून बस त्याच्याकडेच. त्याने स्टार्टर खोलला, कार्बन बदलले, बुश बदलले, टेबलावर वायर लावली तर गडी भिरभिर फिरला. "ताई, ह्यो आता नातवंडापर्यंत जातोय," म्हणाला. पण बसवणार कधी? दिवाळी तोंडावर आली होती. दिवाळीत भोसरी अर्धी रिकामी होते, कामगार आपापल्या गावाला जातात, शटरं खाली. त्याची माणसंही गेली. तो म्हणाला, पाडवा होऊ द्या. मी चिडचिडले, पण सणाला कुणाला हाताला धरून बसखाली घालणार?

तेवढ्या दिवसांत थंडी आली. सकाळी खिडकीच्या काचेवर दव दिसायला लागलं. ह्यांच्या मशीनचा काटा हळूहळू वर सरकवावा लागत होता. आधी बाथरूमला जाऊन यायचे, मग दारापर्यंत, मग पलंगाच्या कडेपर्यंतच. फराळाच्या ताटातली चकली त्यांनी हातात धरली आणि तशीच ठेवली. चावायला दम लागतो म्हणाले. मी ती उचलून डब्यात टाकली आणि मोरीत जाऊन रडले.

पाडवा झाला आणि इलेक्ट्रिशियन स्वतः आला. स्टार्टर बसवला, सगळं आवळलं, मला म्हणाला, "मारा ताई."

टक.

त्याने बडीशेप थुंकली. "टेबलावर नाचतोय आन् हितं लाजतोय व्हय!" मग जंपर केबल काढली, एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं सरळ इंजिनच्या अंगाला लावलं. "आता मारा."

बस अशी धडाडून उठली की पार्किंगमधली मांजरं पळाली. मी आत बसून ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. इलेक्ट्रिशियन मात्र हसला नाही. "अर्थिंग मेलंय, ताई. बॅटरीतनं करंट जातोय, माघारी याया वाट न्हाई." बस बंद करून तो पुठ्ठ्यावर आडवा झाला, कसाबसा आत सरकला, पाना फिरवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "ताई, जरा खाली या."

मी सरकले. बॅटरीची मायनसची जाड तार जिथे सांगाड्याला बोल्टने आवळतात, ती जागा त्याने उघडली होती. तिथे काळा रंग होता. गुळगुळीत, चकचकीत, एक ओरखडा नाही. बोल्टच्या आट्यांना काय चार-दोन दिवस लोखंड लागलं असेल तेवढ्यावर ती पूजेला चालू झाली होती.

"ह्या जागंला उघडं लोखंड लागतं," तो म्हणाला. "रंगावर कुनी बसवली?"

"घरच्याच माणसाने," मी म्हटलं.

ह्यांना तो ओळखत होता, त्यांचं कामही ओळखत होता. त्याने खिशातून पॉलिशपेपर काढला आणि घासायला हात पुढे केला. मी त्याचा हात धरला. "द्या इकडे. मी घासते." त्या रंगाला दुसऱ्या कुणी हात लावावा असं मला वाटेना. मी घासत गेले. काळा जाईना. दोन हात दिलेले, नीट वाळवलेले. त्याखाली लाल रेडऑक्साइड, तोही तसाच चिवट. प्रत्येक घाशीला मला दिसत होतं, हे पुठ्ठ्यावर आडवे आहेत, ओठ निळे पडलेत आणि हात मात्र थरथरत नाहीये. मला त्यांचा इतका राग आला, इतका राग आला की वाटलं वर जाऊन गदागदा हलवावं. अहो पेंटर, एक जागा, एक टिकलीएवढी जागा सोडली असती तर तुम्ही तुमच्या काठाला झोपून आला असता! शेवटी लोखंड पांढरं चमकलं. तोवर माझं तोंड आसवांनी आणि रंगाच्या भुकटीने माखलं होतं.

तार आवळली. केबल न लावता चावी फिरवली. पहिल्याच हाकेला चालू.

मी इलेक्ट्रिशियनला म्हटलं, "ह्यांना कळता कामा नये. स्टार्टरच खराब होता म्हणायचं."

"व्हय ताई," तो म्हणाला. "आमचंच काम कच्चं व्हतं म्हनून सांगा. माझ्या नावानं दोन शिव्या घालू द्या त्यांना."

मी वर गेले. त्यांनी गॅलरीचं दार उघडं ठेवायला लावलं होतं, आवाज ऐकला होता. उशीला टेकून बसले होते आणि तोंडावर असं हसू, की मला ते बघवेना.

"काय निघालं?"

"बुश वाकडे बसवले होते त्या शहाण्याने. भोसरीचा नुसता डौल! परत खोलून बसवले."

"तरी म्हटलं. दिवाळीची घाई केली आसंल भाड्यानं." बोलून दम लागला म्हणून थांबले. "हात दे."

मला वाटलं, उठायला आधार हवा असेल. मी हात दिला. त्यांनी तो उलटा केला आणि नखांकडे बघितलं. नखांत काळं होतं, आणि बोटांच्या पेरांवर लाल भुकटी. पेंटरला काय सांगायचं? त्यांनी माझं बोट आपल्या अंगठ्याने पुसलं आणि अंगठा डोळ्यांजवळ नेला.

"रेडऑक्साइड हाय ह्ये."

मी हात मागे ओढायला गेले. त्यांनी हात सोडला नाही.

"बॅटरीच्या पत्र्यापाशी?"

"अहो, जाऊ द्या ना आता."

"उघडं ठिवाया लागतं व्हय तितं?" त्यांनी असं विचारलं, की जणू कुणीतरी त्यांना हे आधीच सांगायला हवं होतं. मग डोळे मिटले. मला वाटलं झोपले. जरा वेळाने म्हणाले, "घासलेल्या जागंवर ग्रीस लाव. न्हाईतर गंज धरंल."

मी खाली गेले आणि ग्रीस लावलं. आज हे नाहीत. ती जागा मी दर खंडेनवमीला पुसते आणि परत ग्रीस लावते. रंग कुणाला लावू देत नाही.

बस चालू झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर घरी येऊन गेले. मशीन बदला म्हणाले, मोठं आणा. ते मोठं मशीन बसच्या इन्व्हर्टरवर चालण्यातलं नव्हतं. मी बाहेर जाऊन विचारलं, "एका रात्रीपुरतं?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि चप्पल घातली. ह्यांनी आतून सगळं ऐकलं होतं. काही मागितलं नाही, रागावले नाहीत. दोन दिवस नुसते छताकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "डायवर, निदान बसमंदी बसू दे की. कुटं जायचं न्हाई. खालीच."

दुपारची वेळ धरली. माणसं कामावर, पार्किंग रिकामं. मुलगी रजा टाकून आली. आम्ही त्यांना चाकाच्या खुर्चीतून खाली आणलं, मांडीवर छोटं सिलिंडर. तळमजल्यावरच्या आजींनी त्यांच्या खिडकीतून वायर दिली, तिला मोठं मशीन जोडलं. पलंगावर आडवे केले, शाल पांघरली. त्यांनी हात लांब करून खिडकीखालच्या पत्र्याला लावला, आपल्याच रंगाला. मग म्हणाले, "चालू कर. आयकू दे जरा."

मी पुढे जाऊन बसले. चावी फिरवली. एकाच हाकेत उठली आणि एका सुरात गुरगुरत राहिली. मुलगी धूर आत येऊ नये म्हणून मागच्या काचा लावत होती. मी आरशातून बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते.

"कासारवाडी आली का?" त्यांनी विचारलं.

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. "आली. सिग्नल लागलाय."

"आन् भोसरी?"

"भोसरीत काय, नेहमीचंच. सहा आसनी रिक्षा मधेच उभी केलीय मेल्याने." आणि मी खरंच हॉर्न मारला. ते हसले. मी गिअरच्या दांडीवर हात ठेवला आणि स्टिअरिंग थोडं डावीकडे घेतलं, उभ्या गाडीचं. चाकं फरशीवर करकरली. मोशी आली, इंद्रायणीचा पूल आला. चाकणच्या चौकात कंटेनरच्या मागे अडकलो तेव्हा मी त्या ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढल्या. मुलगी मागे ह्यांच्या पायाशी बसून तोंडात ओढणी कोंबून रडत होती आणि माझी बडबड थांबत नव्हती. थांबली असती तर मीही रडले असते.

"आता उजव्या हाताला वळ," ते म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता. "वड लागंल. मग उतार. हळू घे, खडी आसती."

मी हळू घेतलं.

"आलं का?"

"आलं."

"पाणी कुटवर हाय?"

मी समोर बघितलं. समोर सोसायटीची भिंत होती, तिला टेकून कुणाची तरी सायकल. मी म्हटलं, "खाली आहे. अजून अंगणात आलेलं नाही."

त्यांनी शाल गळ्यापर्यंत ओढली. मग म्हणाले, "म्हंजी येळंवर आलो."

"वेळेवर आलो," मी म्हटलं.

"मग बंद कर की गाडी. झोपू दे."

माझा हात चावीवर होता आणि फिरवता येत नव्हता. इतक्या दिवसांची सवय लागली होती, चालू झालेली बस बंद करायची भीती. बंद केली आणि परत टक झालं तर? आरशात त्यांनी डोळे उघडलेले दिसले. त्यांना कळलं होतं.

"कर बंद," ते म्हणाले. "आता परत चालू व्हायाच पायजे आसं न्हाई."

मी चावी फिरवली.